वय वर्षे बावीस

माणूस खोटं बोलतोय हे मला लगेच कळतं, असं मी त्या काळात छातीठोकपणे सांगायचे. लोक हसायचे. हसू देत. हिंजवडीतल्या एका ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर बसून मी दिवसभर तेच करत होते आणि त्याचाच पगार घेत होते.

काम सांगायला सोपं होतं. कंपन्यांना जाणून घ्यायचं असायचं की लोक कोणता साबण वापरतात, चहात साखर किती घालतात, सकाळी काय खातात. त्यासाठी इंटरनेटवर नाव नोंदवलेल्या लोकांना ईमेलनं प्रश्नावली जायची. उत्तरं भरली की खात्यात गुण जमा व्हायचे, आणि पुरेसे गुण साठले की घड्याळ, इस्त्री, जेवणाचा डबा असलं काहीतरी घरपोच. आता जिथं फुकटचं घड्याळ तिथं लबाडी आलीच. एकच पठ्ठ्या पाच नावांनी भरायचा. कुणी अर्ध्या तासाची प्रश्नावली दोन मिनिटांत उरकायचा. कुणी वरपासून खालपर्यंत सगळ्याला ‘पूर्णपणे सहमत’ ठोकून मोकळा. असल्यांना आम्ही उंदीर म्हणायचो. त्यांना धरायला प्रश्नावलीत मध्येच एक खोटा प्रश्न पेरायचा, त्याला पिंजरा.

माझा आवडता पिंजरा म्हणजे जगात नसलेला साबण. त्याचं नाव मीच ठेवलं होतं. ‘हा साबण आपण किती वर्षे वापरत आहात?’ असं विचारलं की पुष्कळ जण बिनदिक्कत लिहायचे, दहा वर्षं. एका बाईनं तर त्याचा वास सासूबाईंनाही फार आवडतो असं कळवलं होतं. मी टेबलावर हात आपटून हसले आणि मग तिचा क्रमांक कायमचा बंद केला. आम्हाला नावं दिसत नसत, नुसते क्रमांक दिसत. ते बरंच होतं. नाव दिसलं असतं तर माझ्या हातानं इतक्या पटापट काम केलं नसतं.

मी मूळची परभणीकडची. डोकं तापट, जीभ त्याहून. दोन हजार सहाच्या आसपास मारुंजीत खोली घेतली, कारण तिथून सहा सीटर रिक्षानं ऑफिस जवळ. घरमालक गावातलेच, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे. बरीचशी जमीन सोसायटीवाल्यांनी घेतल्यावर उरलेल्या जागेत त्यांनी खोल्यांची ओळ बांधून भाड्यानं दिली होती. माझी खोली मात्र त्या ओळीतली नव्हती. ती त्यांच्या राहत्या घराचीच, नंतर बाहेरून दार पाडलेली. मागच्या खिडकीतून शेजारच्या बांधकामावरचं काँक्रीट कालवायचं यंत्र दिसायचं, आणि त्याच्या पायाशी एक रुंद बुंधा. जांभूळ होतं म्हणे, त्याच वर्षी तोडलेलं.

खोली दाखवताना काकांनी, म्हणजे घरमालकांनी, एवढंच सांगितलं की भिंतीतल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे, तो काढू नका. परीक्षेचं वेळापत्रक होतं. कडा पिवळ्या पडलेलं, दोन पेपरांपुढं पेनानं बरोबरची खूण, उरलेल्या तीनपुढं काहीच नाही. मला काय करायचंय? मी माझ्या साड्या आणि कुर्ते लावले आणि दार लोटलं.

“ताई, काम काय करता मनला तुमी?” काकांनी विचारलं होतं.

“लोक कम्प्युटरवर खोटी माहिती भरतात ना काका, त्यांना पकडते.”

“आन् घावला की?”

“नाव उडवते. कायमचं.”

काकांनी टोपी काढून परत घातली. “बरं हाय,” म्हणाले, आणि जमिनीकडं बघत निघून गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला काही समजलं नाही.

घरात दोघंच. काका आणि काकू. काका मोजकं तरी बोलायचे, काकू तेवढंही नाही. सकाळी मी कुलूप लावून निघाले की त्या ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या आणि मी वळणापलीकडं जाईपर्यंत तिथंच असायच्या. कधी मी दुपारीच परत आले तर दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या कुर्त्याची बाही हातात धरून उभ्या दिसायच्या. मला बघितलं की सोडून द्यायच्या. एकदा मी म्हटलंसुद्धा, “काकू, रंग जातोय का त्याचा?” त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. त्या घरात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दोनेक वर्षं अशीच गेली. मग ऑफिसात एक नवी तपासणी आली. माणसानं मागच्या प्रश्नावलीत लिहिलेलं वय आणि या प्रश्नावलीतलं वय ताडून बघायचं. पुष्कळ उंदीर त्यातच अडकायचे, कारण खोटं वय लक्षात कोण ठेवतो? कुणी एका वर्षात अठ्ठावीसचा चाळीस झालेला, कुणी उलटा लहान होत चाललेला. आम्ही हसत हसत यादी खाली सरकवत होतो. तेवढ्यात माझा हात थांबला. एका क्रमांकाचं वय सगळीकडं बावीस होतं. पहिल्या प्रश्नावलीत बावीस, एका वर्षानं बावीस, दोन वर्षांनी बावीस, तिसऱ्या वर्षीही बावीसच. स्त्री, पुणे जिल्हा, अविवाहित.

उंदीर कुठला तरी, असं म्हणून मी तो क्रमांक उडवणारच होते. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. अलीकडच्या बाकी सगळ्या तपासण्यांत ही मुलगी निर्मळ पास होती. मी तिच्या जुन्या प्रश्नावल्या एकेक करून उघडल्या.

सुरुवातीच्या सगळ्या धडाधड भरलेल्या. अर्ध्या तासाचं काम तीन मिनिटांत, सगळ्याला ‘पूर्णपणे सहमत’, पिंजऱ्यातही अडकलेली. गुण साठवून एक भिंतीवरचं घड्याळ घेतलेलं. पक्की उंदीर, फक्त तेव्हा आमच्या तपासण्या ढिल्या होत्या म्हणून सुटली. मग सात महिने काहीच नाही. एकदम शांत. आणि सात महिन्यांनी ती परत आली तेव्हा अर्ध्या तासाच्या प्रश्नावलीला दीड तास लावू लागली. एकेक प्रश्नावर दहा दहा मिनिटं. सुरुवातीला उत्तरं बहुतेक ‘माहीत नाही’, एका ठिकाणी ‘विचारून सांगते’. मग एका जूनपासून उत्तरं भरभरून येऊ लागली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली, चुका सुधारून सुधारून लिहिलेली. माझ्या त्या नसलेल्या साबणापुढं तिनं लिहिलं होतं: ‘हा साबण गावात दोन दुकानांत आणि हिंजवडीच्या चौकात विचारला. मिळाला नाही. कुठे मिळतो ते कळवावे.’

इतक्या वर्षांत तो साबण शोधायला घराबाहेर पडलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट. परत आल्यापासून तिनं एकही बक्षीस मागितलं नव्हतं. गुणांचा ढीग तसाच पडून होता. लबाडी करणारा काहीतरी घेतोच की हो! ही काहीच घेत नव्हती. मग ही करत काय होती?

मी वाचत गेले. नाश्त्याला काय खाता? ‘भाकरी आणि गावाकडून आणलेली कारळाची चटणी.’ आमच्याकडं करतात ती. इकडं ती करताना मी कुणाला बघितलं नव्हतं. चहा? ‘बिनसाखरेचा.’ माझ्यासारखाच. बादली? ‘निळी, कडी तुटलेली, सुतळी बांधलेली.’ मी खुर्चीत सरळ बसले. अंघोळीचा साबण? मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये कडुलिंबाचा. एप्रिलमध्ये मला घामोळं आलं होतं आणि मी कडुलिंबाचा साबण आणला होता. खिडकीतून काय दिसतं? ‘आधी जांभळाचं झाड दिसायचं. आता मशीन दिसतं.’

बाजूला माणसं बसलेली, कुणीतरी फोनवर हसत होतं, एसी घरघरत होता, आणि मी माझंच आयुष्य एका परक्या क्रमांकाखाली वाचत होते. मी जूनमध्ये त्या खोलीत राहायला आले होते. त्याच जूनपासून तिची उत्तरं भरायला लागली होती.

त्या दिवशी खोलीवर परतले ती पाय ओढत. दाराच्या फटी बघितल्या, खिडकीच्या गजांमधून हात बाहेर घालून बघितला, कपाट उघडून कागदामागं बघितलं. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. ते मी आले तेव्हापासून तिथंच होतं आणि मी ते कधी नीट पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं. काट्यांखाली एक छोटा हिरवा पोपट छापलेला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जुन्या बक्षिसांची यादी काढली, तर त्यात पोपटाचं घड्याळ होतं. मी त्या घड्याळाला उशीच्या अभ्र्यानं झाकलं. मूर्खपणा कबूल, पण झाकलं.

कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवून होतं, आणि जे कुणी होतं ते आवारातलंच होतं, इतकं नक्की. भूतबित मी मानत नाही असं वरवर म्हणत होते. आतून मात्र विचार यायचा, या खोलीत आधी राहणारी कुणी बावीस वर्षांची अजून गेलीच नसेल तर? ती माझ्या साबणानं अंघोळ करून माझ्या आधीच उत्तरं लिहीत बसत असेल तर? असला विचार आला की मी रेडिओ मोठ्यानं लावायचे. मग स्वतःलाच झापायचे, अगं बाई, तू उंदीर पकडणारी ना? मग पकड.

मी पिंजरा लावला. बाजारातून एक क्रीम आणली, सोनेरी डबी, चारचौघांत उठून दिसेल अशी. तोंडाला मी आयुष्यात कधी क्रीम लावली नाही. ती मुद्दाम न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवली. न्हाणीघर आवारातल्या सगळ्यांचं, त्यामुळं येणाऱ्या जाणाऱ्याच्या नजरेला पडणारच. पुढची प्रश्नावली सौंदर्यप्रसाधनांची होतीच. चार दिवसांनी उत्तर आलं.

‘सोनेरी डबीतली. पण अजून उघडलेली नाही.’

आई गं! मी ती डबी खरंच उघडली नव्हती. वरचा चिकटवलेला कागदसुद्धा तसाच होता. कुणीतरी ती हातात घेऊन, उलटीसुलटी करून, जपून परत ठेवली होती.

भीती एका ठरावीक मापाबाहेर गेली की माझा राग होतो. त्या दिवशी तो झाला. ओळीतल्या दुसऱ्या खोलीत एक नोकरदार राहायचा, त्याच्यावर मी सकाळी सकाळी तोंड सोडलं. बायकांच्या वस्तूंना हात लावायची लाज वाटत नाही का, वगैरे वगैरे. बिचारा दात घासता घासता आ वासून बघत राहिला. आठवड्याभरात तो खोली सोडून गेला, आणि त्याची माफी मागायची राहून गेली. ऑफिसात जाऊन मी तो क्रमांक उघडला, शेऱ्याच्या जागी लिहिलं ‘शंभर टक्के बनावट’, आणि बटण दाबलं. कायमचा बंद. त्या पत्त्यावर आता कधीच काही जाणार नव्हतं. मला इतकं मोकळं वाटलं की येताना अर्धा किलो जिलेबी घेऊन आले, त्यातली वाटीभर काकूंनाही दिली. त्यांनी ती घेतली. खाल्ली की नाही ठाऊक नाही.

महिनाभर सगळं शांत. घड्याळावरचा अभ्रा मी काढला. मग एका रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. काका होते. टोपी हातात, अंगावर धुतलेला सदरा, परगावी निघाल्यासारखे.

“ताई, एक काम हुतं. आमचा कम्प्युटर जरा बगता का? मेल येत न्हाईत.”

या घरात कम्प्युटर आहे हे मला माहीतच नव्हतं. मी त्यांच्यामागून आतल्या खोलीत गेले. माझ्या खोलीला लागूनच ती खोली, मध्ये एक भिंत. टेबलावर क्रोशाच्या रुमालाखाली कम्प्युटर होता, त्याच्या डब्यावर दसऱ्याचं हळदकुंकू अजून वाळून चिकटलेलं. वर भिंतीवर एका मुलीचा फोटो. केस मोकळे, कॅमेऱ्याकडं बघून डोळे बारीक केलेले, हार घातलेला. काकू दाराच्या आड उभ्या होत्या.

काकांनी एका बोटानं बटणं दाबत मेल उघडला. वरपासून खालपर्यंत एकाच जागेहून आलेली पत्रं. प्रत्येकाच्या सुरुवातीला त्या मुलीचं नाव आणि पुढं तेच वाक्य, आमच्या ऑफिसातलं, शेकडो वेळा वाचलेलं: ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे.’ शेवटचं पत्र महिन्यापूर्वीचं होतं.

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“आमची पोर,” काका म्हणाले. “कॉलेजातनं येताना डंपरनं… तीन पेपर राहिले हुते. लई गुणी, पर हे मात्र भराभरा भरायची. घड्याळ पायजे हुतं तिला. मी मनायचो, वाच तरी काय लिवलंय ते, तर हसायची.” त्यांनी हातातली टोपी टेबलावर ठेवली. “ती गेल्यावर हिला झटकं यायला लागलं. पोरीचं नाव काडलं की हात पाय ताठ. डाक्टर मनला, काडूच नका. मंग घरात नाव काडायचं बंद केलं. पावनं आलं तरी आदी सांगायचं, नाव काडू नका. रेशनकार्डावरनं कमी केलं, त्यो अर्ज मीच दिला. सगळीकडनं कमी झालं बगा. आन् एक दिवस हे उगाच चालू केलं, तर हितं तिचं नाव. तुमचं मत सांगा मनत्यात. मला लई भारी वाटलं, कुनीतरी इचारतंय पोरीला.”

मी वर फोटोकडं बघितलं.

“मंग मी लिवाय लागलो. पर तिला काय आवडलं असतं, साबन कंचा, पावडर कंची, बापाला काय ठावं? ‘माहीत नाही’ लिवायचो. वाईट वाटायचं, तिला एवडं बी माहीत न्हाई असं दिसायचं. मंग तुमी आला. तिच्याच खोलीत, तिच्याच वयाच्या. तुमी काय आनताय, काय खाताय, ही बगून मला सांगायची. आमी दोघं मिळून तेच लिवायचो. रागावू नका ताई. चोरलं काय न्हाई.”

“आणि वय, काका?” मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. “वय बावीसच का ठेवलंत?”

काकांनी माझ्याकडं चटकन बघितलं. मी जीभ चावली. मला वय कसं कळलं? पण त्यांनी ते विचारलं नाही.

“बाकी सगळं लिवता येतंय,” ते म्हणाले. “वय वाडवायला माजा हात होत न्हाई.”

मी कम्प्युटरशी उगाच खाटखूट केली. तार काढली, परत लावली. मग माणसाचं खोटं लगेच ओळखणाऱ्या मी त्यांच्या तोंडावर सांगितलं, “त्यांचं मशीन बंद पडलंय काका. दुरुस्त होईल. येतील मेल.” दाराआडून काकूंचा श्वास ऐकू आला. खोलीवर येऊन मी दार लावलं आणि ओक्साबोक्शी रडले. रडणं ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबला, कारण मध्ये एकच भिंत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांच्या मागं लागले. चुकून बंद झालाय, चालू करा. ते म्हणाले, बंद केलेला क्रमांक परत उघडत नाही, हा नियम तूच बैठकीत भांडून करून घेतलास. आणि हा शेरा कुणाचा आहे? मी शेरा वाचला. शंभर टक्के बनावट. ज्या मुलीनं तीन मिनिटांत सगळ्याला ‘पूर्णपणे सहमत’ ठोकलं ती आमच्या लेखी खरी होती आणि घड्याळ घेऊन गेली. जो बाप माझा नसलेला साबण चौकाचौकात शोधत फिरला तो बनावट. हे साहेबांना कसं समजावू? मला स्वतःलाच ते धड समजत नव्हतं.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा उंदराचं काम केलं. एक नवा पत्ता उघडला, नाव असं ठेवलं की कंपनीचं वाटावं. वरती तेच वाक्य, मोलाचं मत वगैरे. खाली बारा प्रश्न, साबण, चहा, बिस्किटं. पहिला प्रश्न आमच्याकडं नेहमी वयाचा असायचा. तो मी गाळला. काकांच्या कम्प्युटरवर पाहिलेल्या त्या मुलीच्या पत्त्यावर पाठवून दिलं आणि आमच्या मधल्या भिंतीला कान लावून बसले.

संध्याकाळी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एका बोटाची खट… खट… खट. मग काकांचा आवाज, “आला गं मेल!” मी त्या मुलीच्या खोलीत, तिच्या घड्याळाखाली बसले होते, आणि भिंतीपलीकडं तिचे आईबाप मला तिची उत्तरं लिहीत होते.

असं दर पंधरवड्याला चालू झालं. एकदा प्रश्न सुचेनात, म्हणून मी विचारलं, ‘आईच्या हातचा कोणता पदार्थ आपल्याला आवडत नाही?’ हा प्रश्न माझ्याकडं बघून सोडवता येणारा नव्हता. भिंतीपलीकडं बराच वेळ काही हललं नाही. मला वाटलं, केला घोटाळा. काकूंना काही झालं तर? मी उठून चपला घालू लागले. आणि तेवढ्यात काकूंचा आवाज आला. दोन वर्षांत मी तो इतका मोठ्यानं कधी ऐकला नव्हता.

“कारलं लिवा. आवो, कारलं! तिला कुटं आवडायचं कारलं? ताटातनं मांजराला टाकायची!” आणि मग, त्याच दमात, मुलीचं नाव. नुसतं नाव. मी चपला हातात धरून तशीच उभी राहिले. पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला नाही, धावपळ झाली नाही. थोड्या वेळानं परत खट… खट… खट.

मग मी साबण सोडूनच दिला. पावसात कुठं जायला आवडतं? लहानपणी कशाला घाबरायचात? भांडण झाल्यावर किती दिवस बोलत नाही? उत्तरं येत राहिली, आता माझी नव्हेत, तिची. मुळशीच्या धरणावर पाण्यात पाय सोडून बसायला आवडतं. बँडवाल्यांना घाबरायची. भांडण झाल्यावर अर्धा दिवस, जास्त नाही. काकू आता सकाळी ओट्यावरून मला म्हणायच्या, “डबा घेतला का?” कुर्त्याची बाही धरून उभं राहणं मात्र सुटलं नाही. माझीही भीती पूर्ण गेली नव्हती. कधी कधी उत्तर वाचताना वाटायचं की हे त्या दोघांनी लिहिलेलं नाही, तिनंच लिहिलंय, सावकाश, सात महिने विचार करून. मी वर बघायचे तर पोपटाचं घड्याळ चालू असायचं.

दोन हजार दहाच्या सुमारास माझं लग्न ठरलं आणि बावधनला राहायला जायचं झालं. सामान टेम्पोत भरताना कपाटातला कागद मी तसाच ठेवला. काकूंनी माझी ओटी भरली आणि माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. काकांनी टोपी काढून परत घातली. ते मेल मीच पाठवते हे मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या तोंडून ते निघतच नव्हतं, काय करू!

बावधनला गेल्यावर पंधरा दिवसांनी मी नेहमीसारखे प्रश्न पाठवले. दुपारची वेळ होती, नवरा कामावर, खिडकीतून चांदणी चौकाकडच्या गाड्यांचा आवाज येत होता. उत्तर तासाभरात आलं. यावेळी एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. नुसतंच लिहिलं होतं, नेहमीसारखं इंग्रजी अक्षरांत, आणि वाचताना कानात काकांचाच आवाज.

‘ताई, तुमीच धाडताय हे पयल्या दिसापास्नं ठावं हाय. खरी मानसं पयलं वय इचारायची. तुमी कदीच इचारलं न्हाई. आन् नाव कुनी उडवलं ते बी ठावं हुतं. खोली घेताना तुमी सवताच सांगितलं हुतं काम. तरी बोललो न्हाई, कारन तुमी परत लावलं. हिच्या तोंडात पोरीचं नाव आलं. लई झालं. आता एकदा वय इचारा.’

दोन वर्षं मी पिंजरा लावून बसले होते असं मला वाटत होतं, आणि ते दोघं आत बसून माझ्याकडं मायेनं बघत होते. मी डोळे पुसले आणि एकच प्रश्न लिहून पाठवला. आपले वय?

उत्तर लगेच आलं. बहुधा दोघंही टेबलाशीच बसून होते.

‘बावीस पुरी झाली. तेविसावं लागलं न्हाई. आता तिचं नाव कमी करा ताई. त्या वक्ताला न इचारता केलंत, आता आमी दोघं सांगतोय मनून करा.’

मी उघडलेल्या त्या बनावट पत्त्याच्या यादीत एकच नाव होतं. ऑफिसात एका दिवसात शंभर क्रमांक उडवणारी मी, माझं बोट काही केल्या बटणावर जाईना. मग मी उठले, तोंड धुतलं, परत येऊन बसले. तिचं नाव एकदा मोठ्यानं म्हटलं, रिकाम्या घरात, स्पष्ट, आणि मग ते कमी केलं.